सांगणारीची मूठ

दिवाळी झाली की अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस येत नाही हे मलाही ठाऊक आहे. कापसानं टम्म भरलेले ट्रक जिनाकडे, सरकी काढायच्या गिरणीकडे जाताना फांद्यांना घासतात आणि काट्यांत कापूस अडकून राहतो. नातवाच्या गाडीत मागे बसून मी तो दरवर्षी पाहते. नातसून म्हणते, "आजी, किती छान दिसतं ना, बर्फ पडल्यासारखं."  बर्फ मी पाहिलेला नाही. कापूस पाहिला आहे, आणि तो पाहिला की मला राग येतो. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवला असेल त्यांनी सांगावं. माझा निवलेला नाही.

यंदा तो जरा जास्तच आहे, आणि त्याला कारण घरातला टीव्ही आहे. संध्याकाळी नातसून आणि शेजारची तिची मैत्रीण चहा घेऊन मालिकेसमोर बसतात. त्या मालिकेतल्या बाईला नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं होतं. ती नोकरी धरून उभी राहिली. आता नवरा आजारी पडला आहे, आणि सासू दारात येऊन पदर पसरते आहे. मालिका तिथंच थांबवून दुसऱ्या दिवसावर टाकली. दोघी रात्रभर पुरेल एवढं भांडल्या. तिनं जावं, तिनं जाऊ नये, लेखकाचं डोकं फिरलं आहे, बाईचं पात्र आधी किती करारी होतं, आता मऊ केलं. आणि सगळ्या भांडणाचं मूळ कोण, तर भावजय. मालिकेत भावजय म्हणजे भुवया उडवणारी, दाराआडून ऐकणारी बाईच असते. मग नातसून माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुम्हाला काय वाटतं? तिनं जावं का?"

मी म्हटलं, "बंद कर तो डबा."

दोघी हसल्या. म्हातारी चिडली म्हणून हसल्या. त्यांना काय माहीत, हाच प्रश्न मी आमच्या वावरात, कापसाच्या पऱ्हाटीत उभी राहून ऐकला आहे. तेव्हा टीव्ही नव्हता. रेडिओ होता आणि तोही आम्हा बायांसाठी नव्हता.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा चौथी पास होते, आणि सासरच्या घरात बायांमध्ये तेवढीही शिकलेली दुसरी नव्हती. लोक मैल सोडून किलोमीटर म्हणायला लागले, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. पंचायतीच्या खोलीत सरकारनं दिलेला रेडिओ होता. लाकडी पेटी, तिच्यावर क्रोशाचा रुमाल, बाजूला ट्रंकेएवढी बॅटरी. ती बॅटरी उतरली की बैलबंडीत घालून मूर्तिजापूरला न्यायची. संध्याकाळी बाप्ये पंचायतीच्या ओट्यावर बसून बाजारभाव ऐकायचे, कीर्तन ऐकायचे, आणि आठवड्यातून एकदा नागपूरहून नाटक यायचं, तुकड्यातुकड्यानं. बायांनी तिथं येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. फक्त एखादी घागर घेऊन जाताना जरा थबकली की ओट्यावरचे चारपाच जण एकदम खाकरायचे. गावभर एकाच वेळी खोकला होत नाही. आम्हाला कळायचं.

पण भागामायचं घर पंचायतीला लागून होतं. मधे एक मातीची भिंत. भागामाय म्हणजे आमच्या सासूच्या वयाची, एकटी राहणारी बाई. तिच्या गोठ्याच्या बाजूनं त्या भिंतीला एक भोक होतं, पोपडे पडून झालेलं, आणि त्या भोकाला कान लावून ती अख्खं नाटक ऐकायची. दुसऱ्या दिवशी वेचणीला आली की ते आम्हाला सांगायची. आवाज बदलून, हात नाचवून, मधेच रडून. तिनं नाटकातल्या नवऱ्याचा खोकला काढला की आम्ही मागे वळून पाहायचो.

आता वेचणी कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सीतादही झालं, म्हणजे वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की मगच पहिलं बोंड तोडायचं. त्यानंतर रोज सकाळी दव असतानाच आम्ही पऱ्हाटीत शिरायचो. प्रत्येकीची एक पात, म्हणजे झाडांची ओळ. कमरेला धोतराचं फडकं बांधून त्याचा ओटा, म्हणजे झोळी करायची आणि दोन्ही हातांनी वेचून त्यात टाकायचं. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी. पहिल्या आठवड्यात नखांच्या कडा फाटून रक्त येतं आणि पांढऱ्या कापसाला तांबडे ठिपके लागतात. मग हात घट्टे पडून शहाणे होतात. दव सुकलं की तुरीच्या फुलांचा वास, मातीचा वास, आणि अंगाला चिकटलेल्या कापसाच्या तंतूंची खाज. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाताना तोंडातसुद्धा कापूस यायचा.

बोलणारीचे हात मंद होतात. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. जी सांगेल तिच्या ओट्यात बाकीच्या प्रत्येकीनं अधूनमधून एक मूठ कापूस टाकायचा, म्हणजे संध्याकाळी तिचं गाठोडं हलकं भरू नये. त्या मुठीला आम्ही सांगणारीची मूठ म्हणायचो. जेवताना नवबौद्ध बाया निंबाखाली बसायच्या आणि आम्ही बाभळीखाली. सांगायला लाज वाटते, पण तसं होतं. भाकरीला शिवाशिव होती, कापसाला नव्हती. त्यांच्यातल्या यशोदाची मूठ आणि माझी मूठ भागामायच्या ओट्यात एकाच ढिगात पडायची.

आणि आमच्यात गिरजा होती. गिरजा म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. हिवरखेडच्या बाजूला दिलेली. त्या पावसाळ्यात ती पाठीवर वळ घेऊन माहेरी आली होती. चुलीतलं लाकूड होतं म्हणे. जेवणात खडा लागला म्हणून. ती आली, तिनं कोणाला काही सांगितलं नाही, आणि वेचणी सुरू झाली तशी आमच्यासोबत वावरात यायला लागली. नवऱ्याकडून दोनदा निरोप आला होता. संक्रांतीला तो स्वतः न्यायला येणार होता. तिला धाडायचं की नाही, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि कोणाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मला ती राहायला हवी होती. हे मी ठासून लिहिते, कारण गावानं पुढं उलटं पसरवलं. मला दोन्ही हातांनी वेचायला तिनं शिकवलं. सासूची बोलणी माझ्यावर येत असली की मधे उभी राहायची ती. ती आल्यापासून त्या घरात मला कोणी नावानं हाक मारणारं होतं.

तर त्या वर्षीच्या नाटकात मालती नावाची बाई होती. नवरा कारकून. एका सणाला चार पाहुण्यांदेखत त्यानं तिच्या तोंडात मारली. मालती तशीच पदर खोचून निघाली आणि मावशीकडे गेली. भागामायनं हे सांगितलं त्या दिवशी वावरात एवढी शांतता झाली की बोंडं तुटल्याचा आवाज येत होता. कोणी गिरजाकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

मग वाद सुरू झाला आणि पुरा हंगाम चालला.

"जाऊ नव्हती पायजे ते," एक जण म्हणायची. "पाहुण्याइसमोर मारलं म्हणून काय झालं? नवराच हाय ना."

"हो माय," यशोदा पऱ्हाटीतून डोकं वर काढून म्हणायची. "घरात मारलं तं चालते, पाहुण्यासमोर मारलं तं चालते. मंग न चालणारी जागा कोणती वं? बजार?"

यशोदा आमच्या वावरात मजुरीनं यायची. उंच, काळीसावळी, तोंडानं फटकळ. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि देव्हारा उचलून नदीत सोडला होता.

"तुमचं येगळं," भागामाय तिला म्हणायची.

"काहून येगळं? आमाले लागत नाही का?"

"मालतीनं जराक दम खाले पायजे होता. बाईनं घर सोडलं का घर बाईले सोडते."

"भागामाय," यशोदा म्हणाली, "आमी पिढ्यान्‌पिढ्याचे देव सोडले. एका दिवसात. आभाळ नाही पडलं. अन् त्या बयेले येक कारकून सोडवत नाही?"

सगळ्या खदाखदा हसल्या. भागामायसुद्धा. गिरजा हसली, आणि तिनं पुढे होऊन यशोदाच्या ओट्यात मूठभर कापूस टाकला. यशोदा म्हणाली, "मले कायले? मी कुठी सांगून राहिली?" गिरजा म्हणाली, "असू दे." पावसाळ्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आज नातसूनबाई मालिकेवर वाद घालतात तेव्हा मला वाटतं, यांना वाद घालायची किती चैन आहे. यांच्या वादातून कोणाचं काही हलत नाही. चहा संपतो, वाद संपतो. आमचा वाद मालतीचा नव्हताच. "गिरजे, तू काय करतं?" असं तिला तोंडावर विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि "मी काय करू?" असं विचारायची तिची नव्हती. म्हणून मधे मालती उभी केली होती. मालतीनं मावशीकडे किती दिवस खावं? मालतीच्या भावजयीनं तिला मनातून ठेवून घेतलं असेल का? मालतीच्या बापाची मान खाली गेली असेल का? हे सगळं गिरजाच्या कानावर घालायचं होतं, आणि ती मुकाट्यानं वेचत ऐकत होती. मी म्हणायचे, "मालतीले जाऊ नका देऊ." त्यावर भागामाय माझ्याकडे पाहून म्हणायची, "तू नवी हायेस. तुले काय समजते." सासू घरी म्हणायची, भावजय असं बोलते म्हणजे हिच्या मनात काहीतरी असलंच पाहिजे. काय असणार होतं? कापसाच्या हंगामात दोन हात जास्त, एवढंच? तेही म्हणाले लोक. बाईनं बाईची बाजू घेतली की तिचा फायदा शोधतात.

मग नाटकाला वळण लागलं. मालती शिवणकाम करून पोट भरायला लागली, आणि तिकडे नवरा तापानं अंथरुणाला खिळला. त्यानं निरोप धाडला, ये. तिथं ते नाटक थांबलं, पुढचा शेवटचा भाग आठवड्यानं.

तो आठवडा मला लख्ख आठवतो. थंडी कडक होती. तुरीच्या शेंगा उकडून शेकोटीभोवती खायचो. वावराची शेवटची वेचणी चालली होती, त्यामुळे बोंडं बारकी, किडकी, पिवळट. आणि संक्रांत तोंडावर. हिवरखेडहून निरोप आला होता, गुरुवारी जावई आपल्या भावाला घेऊन येतो. नाटकाचा शेवट होता बुधवारी.

गिरजा खुळी नव्हती. नाटक हे नाटक असतं हे तिला कळत होतं. पण ती मला विहिरीवर म्हणाली, "वयनी, ते नागपूरचे लोक शिकले-सवरले असतीन. इचार करूनच लिहीत असतीन ना?" मी म्हटलं, "तुह्या पाठीवर काय हाय ते त्याइले काय मालूम?" ती म्हणाली, "अशा पाठी लय असतीन." तिचा हिशेब सरळ होता. गावानं बोलून झालं होतं, कोणी इकडून कोणी तिकडून. घरचे बोलत नव्हते. आता एक निवाडा बाहेरचा, शहाण्या माणसांचा, तेवढा तिला ऐकायचा होता.

गुरुवारी सकाळी आम्ही वावरात गेलो. भागामाय उशिरा आली. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. पात धरली आणि वेचायला लागली.  गिरजाच्या हातात कापूस तसाच होता, ओट्यात टाकायचं ती विसरली होती.

"काय केलं वं तिनं?" तिनं विचारलं.

भागामायनं वर पाहिलं नाही. "गेली," ती म्हणाली. "गेली माय. तो खाटीवरून उठला अन् रडला लेकरावानी. म्हणे, चुकलं माह्यं. मालतीनं त्याच्या कपायावर हात ठेवला. मंग घरी गेले दोघं. संपलं."

"खोटं," यशोदा म्हणाली. "कारकून असा रडत नसते."

"म्या आइकलं का तू आइकलं?"

 एकेक बाई पुढे झाली आणि रितीप्रमाणे भागामायच्या ओट्यात मूठ टाकून गेली. मीही टाकली. यशोदानंही टाकली, जरा आपटूनच. गिरजानं हातातला कापूस टाकला, कमरेचं फडकं सोडलं आणि झाडून घडी केली. म्हणाली, "मी घरी जातो. पाहुणे येतीन." मी तिच्या मागोमाग निघाले. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं, धाडा मला.

माझा नवरा दारात विडी ओढत बसला होता. त्यानं हे ऐकलं. त्यानं मान हलवली आणि बंडी जुंपायला गेला. त्याची ती मान मी अजून विसरलेले नाही.

पाडव्याच्या दिवशी मला खरं कळलं. निंबाचा पाला वाटून गुळासोबत दिला, आणि नवरा तोंड वाकडं करत खाताना नव्या नाटकाबद्दल बोलत होता, की यात काही दम नाही. "मांगच्यात मजा होती," तो म्हणाला. "ते मालती कशी मास्तरीण झाली, अन् नवरा राह्यला खाटीवर हात चोयत." आणि हसला.

मी पाटा-वरवंटा तसाच ठेवून बाहेर आले. म्हटलं, "काय झाली?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो विसरला होता. खोटं बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं. गप्प बसणाऱ्याला तेवढेही कष्ट नाहीत.

मालती गेली होती, पण दवाखान्यात. त्याला औषध दिलं, पाणी पाजलं आणि सांगितलं की मी तुमच्या घरी येणार नाही. शाळेत मास्तरणीची जागा मिळाली होती तिला. असा शेवट होता. गावातल्या ओट्यावर बसणाऱ्या एकूण एक बाप्यानं तो ऐकला होता. सरपंचानं, पोलीस पाटलानं, गिरजाच्या बापानं, भावानं. बुधवारी संध्याकाळी ऐकला आणि गुरुवारी सगळ्या बाया मालती नांदायला गेली म्हणून बोलत घरी आल्या तेव्हा एकालाही वाटलं नाही की सांगावं.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"सगळ्याइले होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"आता रेडिओतल्या बाईचं काय घेऊन बसली? नाटक होतं ते."

"नाटक होतं तं खरं सांगाले काय झालं होतं?"

 माझ्या अंगावर येऊन त्यानं तांब्या फेकला, तो भिंतीला लागला. बहिणीला मारणाऱ्या माणसाच्या घरी धाडणारा हा बाप्या. त्याला त्या दिवशी त्याच्याच तोंडानं उघडा पाडला याचा राग. मी तांब्या उचलला, पोचा बोटानं चाचपला आणि भागामायच्या घरी गेले.

ती आधी म्हणाली, भिंतीतून नीट ऐकू आलं नाही. मग म्हणाली, ढोरं हंबरत होती. मी हललेच नाही. तेव्हा ती गोठ्यात खाली बसली.

"पोरीचा संसार वाचवाचा होता मले," ती म्हणाली. "एकट्या बाईचं काय होते तुले मालूम हाय? मले हाय. माह्या नवऱ्यानं मले टाकलं तवा मी तुह्याएवढी होतो. या भोकातून बाप्याइचं बोलणं आइकत उमर गेली. कोणी पुढून बोलत नाही, सारे भिंतीमांगून बोलते. मालतीचं काय, ते शिकेल होती. आपली गिरजा कुठी मास्तरीण होणार होती?"

तिचं दुःख खरं होतं. एवढं मी तेव्हाही कबूल केलं. पण स्वतःच्या दुःखाच्या जोरावर दुसरीचा शेवट बदलायचा हक्क कोणाला मिळत नसतो. मी तिला म्हटलं, "ते मास्तरीण झाली नसती. पण ठेचलीही नसती." मला तेव्हा ठाऊक नव्हतं मी काय बोलून गेले.

आखजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. गिरजाला धाडलं नाही. पेरणी झाली, निंदण झालं. पोळ्याच्या आधल्या दिवशी दुपारी ती एकटी आली, मूर्तिजापूर स्टेशनापासून चिखलातून चालत. उजवा हात पदराखाली. तो हात दाराच्या चौकटीत धरून दार लावलं होतं तिच्या नवऱ्यानं. गावच्या कोणीतरी पट्टी बांधली, हाड वाकडं बसलं. बोटं उघडी राहायची. मूठ मिटत नव्हती.

सासू रडली. रडून झाल्यावर म्हणाली, बरी झाली की पाहू. माझ्या नवऱ्यानं तोंड उघडलं तसं मी म्हटलं, "आता बंडी जुंपली तं मी बसतो तिच्यात. तिच्या जागी मले पोचवून द्या. पाहू द्या मले कसं नांदतात ते." तो गप्प राहिला. या वेळी त्याचं गप्प राहणं कामाला आलं. गिरजा राहिली, आणि मरेपर्यंत माझ्याच घरात राहिली. आमचं पटत नव्हतं असं ज्यांना म्हणायचं होतं ते म्हणत राहिले.

मालतीचा खरा शेवट मीच तिला सांगितला. ती अंगणात डाव्या हातानं कोंबड्यांना दाणे टाकत होती. ऐकून तिनं हातातले उरलेले दाणे टाकले. मग म्हणाली, "मास्तरीण झाली?"

"हो."

"कोणत्या शायेत?"

मला माहीत नव्हतं. रेडिओत ते सांगितलं असेलही. मी नवऱ्याला विचारायला गेले नाही.

लोक म्हणतात, मालिका-नाटकांनी काही होत नाही, घटकाभर करमणूक असते. ज्यांचं काही व्हायचं नसतं त्यांचं होत नाही. परवा नातसून म्हणत होती, मालिकेचा शेवट बदलणार आहेत म्हणे, लोकांना बाई परत गेलेली आवडेल म्हणून. मी विचारलं, "कोणत्या लोकांना?" ती म्हणाली, "सगळ्यांनाच, आजी." सगळे म्हणजे कोण असतात ते मी ओट्यावर बसलेले पाहिले आहेत. कोणाच्या तरी घरात आज कोणी तरी हातातलं काम थांबवून तो शेवट बघत असेल, आणि तिला कोणी तोंडावर विचारत नसेल, तू काय करतेस म्हणून. या दोघींना ते दिसत नाही. मला ते सोडून दुसरं काही दिसत नाही.

गिरजा परत आली त्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा सीतादही झालं. पुन्हा दव, पुन्हा नखांतून रक्त. गिरजा वावरात आली. तिला घरी बसून करमत नव्हतं. एका हातानं किती वेचणार? ती मागे पडायला लागली, दोन पाती, तीन पाती.  मग यशोदानं पऱ्हाटीतून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "गिरजाबाई, हात चालत नाही तं तोंड चालवा ना. आज कोणी सांगून नाही राह्यलं."

भागामाय शेजारच्या पातीवर होती. त्या वर्षी ती बोलत नसे. कोणी म्हटलंही नाही तिला, सांग म्हणून.

गिरजा उभी राहिली. वाकडा हात तिनं ओट्याच्या काठावर ठेवला. "मालतीचं सांगतो," ती म्हणाली. "भागामायनं सांगतलं होतं का मालती घरी गेली. तं गेली. तिथंच रेडिओ बंद झाला. पुढचं रेडिओत नाही आलं, ते मी सांगतो."

आणि ती सांगायला लागली. स्टेशनवर नवऱ्यानं मालतीला पेढा खायला दिला. पहिला महिना बरा गेला. मग मीठ. मग पाणी आणायला उशीर. नाव मालतीचंच होतं, गाव नागपूर होतं, नवरा कारकून होता. दाराच्या चौकटीपाशी आली तेव्हा तिचा आवाज बदलला नाही. भागामायसारखे हात नाचवले नाहीत. बाया वेचायच्या थांबल्या होत्या.

रितीप्रमाणे पहिली मूठ टाकायला यशोदा आली. मग मी. मग एकेक करून बाकीच्या. गिरजा सांगतच होती, ओटा फुगत चालला होता. सगळ्यात शेवटी भागामाय आपली पात सोडून आली. दोन्ही हात भरून आणला होता तिनं कापूस, एका मुठीपेक्षा जास्त, निवडलेला, पांढराशुभ्र. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती वाकली आणि हात पुढे केले.

गिरजानं ओटा बाजूला घेतला.

कापूस काळ्या ढेकळांवर पडला. भागामाय तशीच वाकलेली राहिली. कोणी तो उचलला नाही. यशोदा त्याच्यावरून पाय टाकून आपल्या पातीवर गेली, मीही गेले.

"हं," गिरजा म्हणाली, "तं दार लावलं त्यानं."